आधी पदार्थ ठरवा, मग कांदा चिरा

कांद्याच्या वजनाचे दहा भाग केले तर त्यातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. स्वयंपाकात कांद्यामुळे जे बिनसतं ते बहुतेक वेळा या पाण्यामुळेच. भजी मऊ पडतात, कोशिंबिरीत वाटीभर पाणी साचतं, थालीपिठाचं पीठ थापता थापता सैल होतं, मटणाच्या रश्श्याला कच्चट वास राहतो, बिर्याणीवर घालायचा तळलेला कांदा कुरकुरीत न होता लिबलिबीत राहतो. या सगळ्यांत पाणी नको तेव्हा सुटलेलं असतं, नाहीतर आटायला हवं होतं तेवढं आटलेलं नसतं. आणि ते कधी नि किती सुटणार, हे बरंचसं गॅस पेटवायच्या आधीच, चिरताना ठरतं.

म्हणून घरात कुणी "जरा दोन कांदे चिरून ठेव" म्हटलं, तर पहिला प्रश्न "कशासाठी?" हाच असायला हवा. पुढचं सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे.

हातात कोणता कांदा आहे ते पाहा

महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत निघतो आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी. दिवाळीच्या आगेमागे येतो तो खरिपाचा लाल कांदा. त्याची साल पातळ, अंगात पाणी जास्त आणि टिकायला तो कमी. जानेवारीपासून रांगडा कांदा दिसायला लागतो. मार्चअखेर ते मे या काळात निघतो तो रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा. रंगानं फिकट, घट्ट, वर दोन-तीन कोरडे पापुद्रे. हाच शेतकरी कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, भरून ठेवतात आणि पावसाळाभर बाजारात हाच असतो. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात 'लाल' आणि 'उन्हाळ' यांचे भाव वेगवेगळे पुकारले जातात. स्वयंपाकघरातही हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

नवा लाल कांदा परतायला घेतला की कढईत आधी पाणीच पाणी होतं आणि रंग यायला वेळ लागतो. त्याची भजी करायची तर पीठ जास्त ओढलं जातं आणि भजी पिठाळ लागतात. उन्हाळ कांदा तळायला, भाजायला, वाटणाला उत्तम. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदाभजी, थालीपीठ, कांद्याची भाजी असा बेत होतो. तेव्हा घरात चाळीतला उन्हाळ कांदाच असतो आणि भजी खरोखर चांगली होतात ती त्यामुळेही.

अलिबागचा पांढरा कांदा वेगळाच. पातीची वेणी घालून त्याच्या माळा विकायला येतात आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. चवीला गोडसर, तिखटपणा अगदी कमी. हा कच्चा खायचा कांदा आहे. तळून किंवा वाटणात घालून त्याची चव घालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

परदेशात राहणाऱ्यांच्या हाती पिवळ्या सालीचा मोठा कांदा येतो. तो एक कांदा आपल्याकडच्या दोन-अडीच कांद्यांच्या बरोबरीचा असतो, म्हणून मराठी पाककृतीत "दोन कांदे" लिहिलं असेल तर तिथे एकात भागेल. आपला मध्यम कांदा साधारण १०० ग्रॅमचा धरावा, बारीक चिरला की लहान वाटीभर होतो. तिकडे व्हिडालियासारखा मुद्दाम गोड म्हणून विकला जाणारा कांदाही मिळतो. त्यात पाणी फार, तेव्हा भजीला तो घेऊ नका.

घेताना कांद्याची मान, म्हणजे शेंड्याकडचा भाग, अंगठ्यानं दाबून पाहावी. मान मऊ लागली तर आतून कुजायला सुरुवात झालेली असते, वरून कांदा कितीही देखणा दिसो. मधोमध जाड, कडक दांडा असलेला डेंगळ्याचा कांदा शक्यतो टाळा. आलाच तर चिरताना तो दांडा काढून टाका, तो शिजत नाही. सालीवर काळी भुकटी दिसते ती काजळी, एक बुरशी. ती फक्त वरच्या सालींवर असेल तर एक रसरशीत थर जास्तीचा काढा, कांदा, हात आणि सुरी धुवा, मग पुढे चिरा. आतल्या थरांत काळं किंवा मऊ निघालं तर तो कांदा टाकून द्या. कोंब फुटलेला कांदा मात्र टाकायचं कारण नाही. मधला हिरवा कोंब किंचित कडू लागू शकतो, तेवढा काढून बाकीचा फोडणीला वापरा.

सुरी, विळी आणि पाट

कांद्याला धारदार सुरी लागते. बोथट सुरीखाली कांदा चिरला न जाता चेंगरतो. त्यात रस वाया जातो, डोळे जास्त चुरचुरतात आणि सुरी गुळगुळीत सालीवरून घसरून बोटावर येते. आपल्याकडे घरोघरी बोटाएवढ्या पात्याची छोटी सुरी असते. फळं कापायला ती ठीक, पण कांद्याला पातं कांद्याच्या रुंदीपेक्षा मोठं हवं, निदान सहा-सात इंचांचं. धार गेली असेल आणि धार लावणारा दारावरून जाईपर्यंत थांबायचं नसेल, तर चिनीमातीचा कप पालथा घाला. त्याच्या बुडाशी जी न चकाकणारी, खरखरीत कड असते तिच्यावर पातं थोडं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढा. तात्पुरतं काम होतं.

चिरायचा पाट ओट्यावर सरकत असेल तर खाली ओलं फडकं घडी करून ठेवा. ही एवढीशी गोष्ट अनेक जण करत नाहीत.

विळी वापरणाऱ्यांना सुरीकडे वळा असं मी सांगणार नाही. विळीचं पातं स्थिर असतं, दोन्ही हात कांद्यावर असतात आणि हाताला वळण असेल तर सुरीपेक्षा कितीतरी भरभर काम होतं. विळीवर बारीक चिरायची जुनी रीत फार चांगली आहे. सोललेला कांदा बुडाकडून मुठीत धरायचा, शेंड्याच्या बाजूनं पात्यावर जवळजवळ चिरा द्यायच्या, पण बुडापर्यंत न्यायच्या नाहीत. मग कांदा काटकोनात फिरवून पुन्हा तशाच चिरा द्यायच्या. आता तो आडवा पात्यावर सरकवला की खाली बारीक कांदा पडत जातो आणि बुडाचा तुकडा हातात राहतो. पाटावर सुरीनं हेच करायचं आहे, फक्त दिशा बदलते.

सोलताना बूड राखा

कांद्याचे सगळे थर बुडाशी, मुळांच्या बाजूला, एकमेकांना धरून असतात. बूड आधीच छाटलं की थर सुटे होतात, घसरतात आणि बारीक चिरणं अवघड होतं. म्हणून आधी फक्त शेंडा छाटा. बुडाकडची मुळांची दाढी वरवर तासून काढा, माती गेली पाहिजे, पण बुडाची चकती तशीच राहू द्या. मग कांदा शेंड्याकडून बुडाकडे उभा अर्धा करा. अर्धा केल्यावर साल सोलणं सोपं जातं. कापाच्या कडेला सुरीचं टोक घालून साल आणि तिच्या खालचा चिवट पापुद्रा एकदमच ओढून काढा. अख्ख्या कांद्याची साल नखानं कुरतडत बसण्यात निम्मा वेळ जातो.

जोडकांदा असेल, म्हणजे एका सालीत दोन कांदे, तर दोघांच्या मधून अर्धा करा. मग प्रत्येकाचं बूड त्याच्याकडे राहतं.

खूप कांदे सोलायचे असतील तर अख्खे कांदे पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका. साल मऊ होऊन पटकन निघते. पण भजीचा किंवा तळणीचा कांदा असा भिजवू नका.

डोळ्यांतून पाणी का येतं आणि काय उपयोगी पडतं

कांद्याच्या पेशीत गंधकाची संयुगं एका कप्प्यात आणि त्यांचं विघटन करणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरी फिरली की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून एक चटकन उडणारा वायू तयार होतो. तो तयार होण्यासाठी आणखी एक वेगळं विकर लागतं, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. हा वायू डोळ्याच्या ओलाव्यात मिसळतो, डोळा चुरचुरतो आणि धुऊन काढायला अश्रू येतात. म्हणजे उपाय दोनच प्रकारचे: वायू कमी तयार होऊ द्यायचा, नाहीतर तो डोळ्यांपर्यंत पोचू द्यायचा नाही.

पहिल्या प्रकारात धारदार सुरी सगळ्यांत वरची. पेशी कमी चेंगरल्या की वायू कमी. दुसरं म्हणजे थंडावा. कांदे चिरण्यापूर्वी १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, गारव्यानं विकराचं काम मंदावतं आणि वायूही कमी उडतो. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका, कांदा गोठला तर नंतर लिबलिबीत होतो. दुसऱ्या प्रकारात वारा. खिडकीकडे तोंड करून उभं राहा, किंवा टेबलफॅन असा ठेवा की वारा पाटावरून पलीकडे जाईल. छताचा पंखा वायू सगळीकडे फिरवतो, त्याचा उपयोग नाही. चिरलेला कांदा पाटावर ढीग करून ठेवू नका, भांड्यात टाकून झाकण घाला. कापलेला अर्धा कांदा पाटावर पालथाच ठेवायची सवय लावा.

तोंडात पोळीचा तुकडा धरायला सांगतात, शेजारी मेणबत्ती लावायला सांगतात. त्यानं डोळ्यांकडे जाणारा वायू अडत नाही. सोललेला कांदा पाण्यात बुडवून चिरल्यानं थोडा फरक पडतो, पण ओला कांदा हातातून निसटतो, त्यापेक्षा डोळ्यांत पाणी आलेलं परवडलं. आणि चुरचुरलं तर कांद्याच्या हातानं डोळे चोळू नका. बाजूला होऊन दोन मिनिटं थांबा, अश्रू आपलं काम करतात.

बारीक चिरणं

पोहे, उपमा, थालीपीठ, भेळ, मिसळीवरचा कांदा, ऑम्लेट यांना बारीक कांदा लागतो.

अर्धा कांदा पाटावर पालथा ठेवा, बूड तुमच्यापासून लांब, शेंडा तुमच्याकडे. पुढचं डावं-उजवं डावखुऱ्यांनी उलट धरावं. डाव्या हाताची बोटं आत वळवून नखांची टोकं कांद्यावर टेकवा. बोटांची मधली पेरं पुढे यायला हवीत, म्हणजे सुरीचं पातं पेरांना टेकून चालतं आणि बोटाचं टोक सापडत नाही. अंगठा मागे.

आता सुरीच्या टोकानं बुडाकडून शेंड्याकडे उभ्या चिरा द्या. बुडाच्या अर्धा सेंटीमीटर अलीकडून सुरुवात करा, म्हणजे कांदा एकसंध राहील. पोह्यांसाठी दोन चिरांत तीन-चार मिलिमीटर अंतर पुरे, भेळ-मिसळीसाठी त्याच्या निम्मं. कांदा गोलाकार असल्यामुळे दोन्ही कडांच्या चिरा सरळ खाली दिल्या तर तिथले तुकडे लांबट निघतात. म्हणून कडेला येताना सुरी थोडी आत, कांद्याच्या मध्याकडे, कलती करा. काही जण याशिवाय पाटाला समांतर अशा आडव्या चिराही देतात. त्यात सुरी तळहाताच्या दिशेनं येते आणि कांद्याला मुळातच थर असतात, तेव्हा घरच्या स्वयंपाकाला ती पायरी मला अनावश्यक वाटते.

चिरा झाल्या की बूड डावीकडे येईल असा कांदा पाटावरच काटकोनात फिरवा आणि शेंड्याकडून बुडाकडे आडवे काप घेत या. सुरी वरून दाबू नका. टोक पाटाला टेकवून ठेवत पुढे सरकवत खाली आणा, म्हणजे पातं कापतं, चेंगरत नाही. शेवटी बुडाचा लहानसा तुकडा उरतो, तो आडवा पाडून कडेचा कांदा काढून घ्या.

एकदा चिरलेल्या कांद्यावर पुन्हा पुन्हा सुरी आपटत "आणखी बारीक" करत बसू नका. अशा कांद्याचा लगदा होतो, पाणी सुटतं आणि कच्चा खाल्ला तर तो जळजळीत लागतो. बारीक हवा असेल तर पहिल्याच चिरा जवळ द्या. मिक्सरमध्येही हाच प्रकार होतो. दोरी ओढायचा हातचॉपर त्यातल्या त्यात बरा, पण मोठ्या फोडी करून टाका आणि चार-पाच वेळाच ओढा. रोजच्या रस्साभाजीच्या फोडणीला तो चालतो, भेळेला नाही.

उभा की आडवा

कांद्याचे तंतू बुडाकडून शेंड्याकडे जातात. त्याच दिशेनं उभा चिरला की तंतू अखंड राहतात, पाकळ्या शिजतानाही आकार धरून ठेवतात. आडवा, म्हणजे गोल चकत्या किंवा अर्धगोल काप केले, की प्रत्येक तंतू तुटतो. असा कांदा लवकर मऊ पडतो, पाणी चटकन सोडतो आणि रस्सा-ग्रेव्हीत विरघळतो.

त्यामुळे भजी, तळलेला कांदा, व्हेज कोल्हापुरीसारख्या भाज्या यांना कांदा उभा. पिठल्यातही मला उभाच आवडतो, दाताखाली येतो. आमटी-रश्श्यात कांदा दिसायलाच नको असेल तर आडवा पातळ किंवा अगदी बारीक. जेवताना तोंडी लावायच्या चकत्या अर्थातच आडव्या.

झुणक्याला कांदा भरपूर आणि थोडा जाडसर लागतो. फोडणीत कांदा पडला की लगेच मीठ घालून झाकण ठेवा. त्याला जे पाणी सुटतं त्याच ओलाव्यात बेसन शिजतं, वरून फक्त पाण्याचा हबका मारायचा. कांद्यात हात आखडता घेतला की झुणका कोरडा ठक्क होतो आणि मग पाणी ओतलं की त्याचं पिठलं होतं.

थालीपिठाचं गणित उलट. भाजणीत कांदा आणि मीठ घालून भिजवलं की कांदा पाणी सोडतच राहतो. म्हणून पीठ सुरुवातीला थोडं घट्ट मळा आणि लगेच थापायला घ्या. पाहुणे उशिरा येणार असतील तर भाजणी मसाला-मीठ घालून कोरडी ठेवा आणि कांदा ऐन वेळी मिसळा.

भजीचा कांदा

खेकडा भजीत सगळी करामत कांदा चिरण्याची आणि वाट पाहण्याची आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

चार जणांना तीन मध्यम कांदे घ्या. अर्धे करा आणि इथे मात्र बूड पूर्ण काढून टाका, कारण पाकळ्या सुट्या व्हायला हव्यात. उभे, पातळ आणि एकसारखे काप करा, दोन मिलिमीटरच्या आसपास. जाड-पातळ झाले तर पातळ करपतात आणि जाड कच्चे राहतात. परातीत घेऊन बोटांनी सगळ्या पाकळ्या मोकळ्या करा. अर्धा ते पाऊण चमचा मीठ घालून हलक्या हातानं चोळा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा.

आता परात तिरकी करून पाहा. कांदा लवचीक झालेला असेल आणि कडेला पाणी जमलेलं दिसेल. हे पाणी फेकायचं नाही. त्यातच तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा आणि कोथिंबीर घाला. मग बेसन मुठीमुठीनं भुरभुरवा, एकदम ओतू नका. प्रत्येक मुठीनंतर बोटांनी वरखाली करा. पीठ कांद्याला जेमतेम चिकटलं आणि परातीच्या तळाला कोरडं पीठ उरलं नाही की थांबा. साधारण पाऊण वाटी बेसन आणि दोन चमचे तांदळाचं पीठ लागतं, पण लाल कांदा असेल तर थोडं जास्त लागेल. हाताच्या अंदाजावर भरवसा ठेवा. पाण्याचा थेंबही घालू नका. शेवटी चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन.

आणि लगेच तळा. पीठ घातल्यावरही कांदा पाणी सोडतोच. अर्धा तास ठेवलेल्या पिठाची भजी तेल पितात. तेल मध्यम तापलेलं हवं. गोळा न करता पाकळ्या विस्कटूनच सोडा, पाय बाहेर आलेली ती खेकडा भजी.

परतणं: कुठे थांबायचं

जाड बुडाच्या कढईत, मध्यम आचेवर, दोन मध्यम बारीक चिरलेले कांदे धरा. चार-पाच मिनिटांत कांदा पारदर्शक होतो आणि कच्चा वास जातो. पोहे-उपमा इथेच. पोह्यांचा कांदा लाल करू नका, त्याचा ओलसर गोडवाच पोह्यांना हवा असतो. आठ-दहा मिनिटांत कडा गुलाबी-सोनेरी होतात. उसळी, रोजच्या रस्साभाज्या, अंडाकरी इथे. चांगला तपकिरी व्हायला १५ ते २० मिनिटं लागतात. "पाच मिनिटांत कांदा तपकिरी होईपर्यंत परता" असं जिथे लिहिलेलं असतं तिथे विश्वास ठेवू नका. मोठ्या आचेवर कडा करपतात आणि आतला भाग कच्चाच राहतो, आणि तीच कच्चट कडवट चव शेवटपर्यंत रश्श्यात राहते.

हे असं का, तर कांद्यातलं पाणी आटल्याशिवाय त्याचं तापमान वर चढत नाही आणि तापमान चढल्याशिवाय साखर नि प्रथिनं रंग धरत नाहीत. सुरुवातीला चिमूटभर मीठ घातलं तर पाणी लवकर बाहेर येतं आणि कांदा लवकर मऊ, एकसारखा शिजतो. कढई अरुंद आणि कांदा ढीगभर असेल तर वाफ आतच कोंडते, म्हणून पसरट भांडं घ्या. तळाला लागायला लागला तर चमचाभर पाणी शिंपडा आणि उलथन्यानं खरवडा. तो तपकिरी थर कांद्यातच मिसळतो आणि चव वाढवतो. पण काळे कण दिसले तर वाचवायला जाऊ नका, कढई धुऊन पुन्हा सुरुवात करा. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की रंग झटपट येतो, पण कांद्याचा लगदा होतो आणि जरा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. मी घालत नाही.

वाटणाचा कांदा

मटण, चिकन, काळ्या वाटाण्याची उसळ, भरली वांगी यांच्या वाटणात कांदा कच्चा वाटू नये. कच्चा कांदा मिक्सरमध्ये फिरला की जवळजवळ सगळ्या पेशी फुटतात, तिखट कडवट वास येतो आणि पुढे कितीही परतला तरी तो पूर्ण जात नाही. कांदा आधी भाजायचा, मग वाटायचा.

चुलीच्या निखाऱ्यांत सालासकट अख्खा कांदा भाजण्याची रीत सर्वांत चवदार. वरची साल जळते, आतला कांदा स्वतःच्याच वाफेत शिजतो. गॅसवर हेच जाळीवर करा. कांद्याला वरून खोल फुलीची चीर द्या, मंद आचेवर ठेवा आणि चिमट्यानं फिरवत राहा. १५-२० मिनिटांत दाबल्यावर मऊ लागतो. गार झाला की जळालेली साल काढा, पण राहिलेले दोन-चार काळसर डाग धुऊ नका, धुरकट चव त्यांचीच असते. जाळी नसेल तर कांदा उभा चिरून थोड्या तेलात तपकिरी भाजा आणि सुकं खोबरं वेगळं भाजा. दोन्ही एकत्र टाकलं तर कांद्याच्या ओलाव्यानं खोबरं नरम पडतं. वाटताना पाणी अगदी बेतानं घाला आणि वाटण फोडणीत तेल सुटेपर्यंत परता.

कच्चा कांदा

शेतात भाकरीबरोबर कांदा बुक्कीनं फोडून खातात. चिरण्यापेक्षा ठेचण्यात पेशी जास्त फुटतात, म्हणून असा कांदा जास्त झणझणीत लागतो. ठेचा-भाकरी किंवा पिठलं-भाकरीबरोबर तो झणझणीतपणाच हवा असतो. मिसळीवरचा किंवा नागपुरी तर्री पोह्यांवरचा कांदा मात्र धारदार सुरीनं, बारीक आणि वाढायच्या जेमतेम आधी चिरलेला असावा. तासभर आधी चिरून ठेवलेल्या कांद्याला उग्र वास येतो.

उन्हाळ कांदा कोशिंबिरीला फार तिखट लागत असेल तर चिरून पाच-दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा, मग चाळणीत पूर्ण निथळा आणि फडक्यावर टिपा. मीठ चोळून पिळून टाकण्यापेक्षा हे बरं, कुरकुरीतपणा राहतो. दह्याच्या कोशिंबिरीत मीठ अगदी पानावर वाढताना घाला. लिंबू पिळलं की लाल कांदा आणखी गुलाबी होतो, कारण त्याच्या सालीजवळचा जांभळट रंग आंबटात लालीकडे झुकतो.

हिवाळ्यात खानदेशी भरितासाठी कांद्याची पात घ्याल तेव्हा पांढरा भाग आणि हिरवी पात वेगवेगळी चिरा. पांढरा भाग आधी तेलात, पात नंतर, आणि झाकण न ठेवता. पातीच्या पोकळ नळीत माती असते, म्हणून धुऊन मग चिरा, चिरून धुऊ नका.

तळलेला कांदा

बिर्याणीसाठी कांदा उभा आणि पातळ चिरा, मीठ लावू नका. फडक्यावर अर्धा तास पसरून ठेवा. मध्यम तापलेल्या तेलात थोडा थोडा सोडा, सतत हलवत राहा आणि फिकट सोनेरी दिसला की काढा. बाहेर काढल्यावरही तो दोन छटा गडद होतो. तेलातच तपकिरी केला तर ताटात येईपर्यंत कडू झालेला असतो. कागदावर पसरवा, ढीग करू नका. किलोभर कांद्याचा पाव किलोच्या आसपास तळलेला कांदा होतो. पूर्ण गार करून घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर सहज राहतो.

साठवण आणि उरलेला कांदा

अख्खे कांदे जाळीच्या टोपलीत, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि फ्रिजमध्ये ते दमट होऊन कुजतात किंवा कोंब धरतात. बटाट्यांशेजारीही ठेवू नका. आठवड्यातून एकदा टोपली वरखाली करून मऊ पडलेला कांदा बाहेर काढा, एकाचा ओलावा चारांना लागतो.

चिरलेला कांदा रात्रभरात विषारी होतो, हवेतले जंतू ओढून घेतो, असं सांगणारे निरोप फिरत असतात. तसं काही नाही. स्वच्छ सुरीनं चिरलेला, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवलेला कांदा दोन-तीन दिवस फोडणीला बिनधास्त वापरा. कच्चा खायला मात्र नको, चव उतरलेली असते. उन्हाळ्यात ओट्यावर तासन्‌तास उघडा राहिलेला कांदा फेकलेलाच बरा. जास्तच चिरला गेला तर पिशवीत पातळ पसरून फ्रीजरमध्ये टाका. वितळल्यावर तो लिबलिबीत होतो, तरी रश्श्याच्या फोडणीला चालतो.

हाताचा वास जायला आधी गार पाण्यानं धुवा, मग बेसन किंवा मीठ-लिंबू चोळा. साली कंपोस्टमध्ये टाका. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कांदा, चिरलेला असो की शिजवलेला, त्यांच्या तोंडी लागू देऊ नका. त्यानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवल्यानं हा धोका जात नाही. उरलेला रस्सा-भात दारातल्या कुत्र्याला घालतानाही हे लक्षात ठेवा, त्याच्यासाठी कांदा पडायच्या आधीच थोडा भात बाजूला काढून ठेवता येतो.